पयलें कोणें पळयलें

बाबा चावीवाला होते, रेल्वेत.
कुळ्याहून घाटात, सोनावळीच्या अंगाला,
पहाटे निघायचे. खांद्यावर हातोडा, काखेत लाल झेंडी.
सैल चावी दिसली की ठोक,
पुढच्या बीटवरचा माणूस भेटला की विडी ओढ,
मग परत.
मीटरगेज गेलं, ब्रॉडगेज आलं,
लाकडी स्लीपरांच्या जागी काँक्रीट आलं,
पण बाबांची पावलं जुन्याच अंतराची राहिली.
आजही न्हाणीकडून विहिरीकडे जाताना
तोकडी, तोकडी,
आणि मधेच एक थांबा,
खाली बघायला.

सुलक्षा फुकुओकात असते. तिनं तिथल्या
भुयारी रेल्वेचा नकाशा पाठवला, कडक कागदावर.
मी वाचून दाखवला, म्हणजे तिनं फोनवर सांगितलं तेवढा.
आधी रस्त्यावर ट्राम होत्या, त्या गेल्या.
मग नारिंगी ओळ, एक्याऐंशी साली.
मग निळी.
हिरवी दोन हजार पाचात, आणि ती
मोठ्या स्टेशनाच्या अलीकडेच थांबलेली.
बाबांना अक्षरांशी देणंघेणं नव्हतं.
तिथं प्रत्येक स्टेशनाला चित्र असतं.
विमान असेल तर विमानतळ. मासा असेल तर नदीकाठ.
बाबांनी मासा ओळखला. म्हणाले, बारीक आसा, शेवट्या न्हय.

हिरवी ओळ पुढे न्यायला खणत होते तेव्हा,
सुलक्षा सांगत होती,
स्टेशनासमोरचा रस्ता पहाटे पाचच्या सुमाराला आत गेला.
मोठाच्या मोठा खड्डा. दिवे, पाइप, सगळं लोंबकळत.
आठवड्यात बुजवला, वर गाड्या चालू!
ती हे असं सांगते की जणू तिनंच घमेली वाहिली.
मी म्हटलं, आमच्या सावर्ड्याच्या रस्त्यावरचा खड्डा
दुसरी निवडणूक बघतोय.
हसलो आम्ही. बाबा हसले नाहीत.

कोण मेलें?
कोणी नाही बाबा. आधीच कळलं होतं,
कामगारांनी रस्ता अडवला, गाड्या थांबवल्या.

तो बहिऱ्या कानाकडून चांगल्या कानाकडे
फोन फिरवत बसले थोडा वेळ.
मग विचारलं,
पयलें कोणें पळयलें?

म्हणजे?

म्हणजे, पयलें. एकट्यानें. कोणें?

सुलक्षाला माहीत नव्हतं.
मेयर टीव्हीवर वाकला होता, ते तिला आठवत होतं,
सिमेंट किती लागलं तेही.
ती म्हणाली, शोधते.
बाबा म्हणाले, मेळचें ना.

अठ्ठ्याऐंशीच्या आषाढात घाटातला एक रूळ तडकला होता.
बोट जाईल एवढीच फट.
बाबा झेंडी घेऊन वळणावर उभे राहिले,
धुक्यात झेंडी दिसेना म्हणून फटाके लावले रुळावर.
गाडी थांबली. गार्डानं आयमाय काढली.
रजिस्टरात एक ओळ आहे:
रूळ बदलला, गाडी चाळीस मिनिटं लेट.
हे मला बाबांनी नाही, पुढच्या बीटच्या
फटी वेळीपानं सांगितलं, बाबा निवृत्त झाल्यावर,
फेणीच्या दुसऱ्या पेल्याला.

गेल्या महिन्यात दुसरा रूळ टाकायचा म्हणून
मोजणीवाले आले, चुन्याची रेघ मारून गेले.
चांदरला लोक रुळावर बसले होते म्हणे.
बाबा कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत.
माझ्या पोरीची रंगपेटी मागितली,
नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
एक ओळ ओढली, वाकडी, घाटासारखी.
वास्कोला बोट. दाबोळीला विमान,
(हें तांचेंच, म्हणाले, चोरून घेतलां.)
माजोर्ड्याला पाव, चांदरला फाटक,
सावर्ड्याला लाल रंग नुसताच, खनिजाचा,
कुळ्याला इंजिनाला पाणी पाजायची ती लोखंडी सोंड,
जी आता कुणी पोर ओळखणार नाही.

आणि कुळ्याच्या पुढे,
जिथं स्टेशन नाही, फलाट नाही,
मैलाचा दगडही पडलेला,
तिथं एक कान काढला.
बराच वेळ लागला. कान काढणं सोपं नसतं,
तीनदा खोडला.

मग कागद माझ्याकडे सरकवला,
हें तांकां धाड.